आपण कुणाच्या बाजूने होतो?

वणीला आमच्या आपाचे सासर आहे. २०२५च्या रमजानमध्ये एका संध्याकाळी तिच्याकडे इफ्तारला गेलो होतो. मगरिबची नमाज झाली, दस्तरखान उचलला गेला आणि चहा येईपर्यंत सगळे ओसरीवर येऊन बसले. आपाचा धाकटा मुलगा तेव्हा नववीत होता. तो बराच वेळ आमच्या आजूबाजूला घुटमळत होता. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामू, एक विचारू? आपल्या वणीत शिवाजी महाराजांची लढाई झाली होती ना? त्या लढाईत आपण कुणाच्या बाजूने होतो?"

त्याचे दादा तसबीह फिरवत होते, ती थांबली. आपा आतून चहा घेऊन आली आणि "काय रे, काय झालं?" म्हणाली. आम्ही खरेच सांगतो, आम्हाला उत्तर सुचले नाही. "अभ्यासाचं काय चाललंय?" असे काहीतरी विचारून आम्ही वेळ मारून नेली. पोराने ते ओळखले. तो उठून आत गेला.

नंतर आपाकडून कळले ते असे. वर्गातली मुले नाशिकला 'छावा' बघायला गेली होती, त्यांच्याबरोबर हाही गेला. परतताना गाडीत एकाने सहज, खरोखर सहजच, 'तुमचा औरंगजेब' असे म्हटले. भांडण झाले नाही. दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा एकाच बाकावर बसले. पण तो 'तुमचा' पोराच्या मनात रुतून राहिला.

घरी परतल्यावर आम्ही पुस्तके काढली. ऑक्टोबर १६७०. सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज बागलाणातून परतत होते. मुघल सरदार दाऊदखान कुरेशी त्यांना अडवायला आला आणि वणी-दिंडोरीच्या मोकळ्या रानात लढाई झाली. मराठ्यांनी ती जिंकली. आता गंमत पाहा. त्या काळच्या मुघल मोहिमांची हकीकत आपल्याला ज्यांच्या लिखाणातून कळते, त्यांतला एक बऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना. हा कायस्थ, हिंदू, मुघल फौजेच्या नोकरीत. त्याने आपल्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. आणि महाराजांकडे आरमारात दौलतखान होता, फारसी पत्रव्यवहाराला काझी हैदर होता. पगार, वतन, निष्ठा, मानापमान यांची ती लढाई होती. कोण कुठल्या दिशेला तोंड करून इबादत करतो, यावर त्या दोन फौजा वाटल्या गेल्या नव्हत्या.

हे सगळे आम्ही पुढच्या भेटीत भाच्याला सांगितले. आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा पिंजारी, कापूस पिंजणारे. अशी माणसे लढाईत कुणाच्या बाजूने असतात? फौजा आल्या की पोरेबाळे घेऊन डोंगराच्या कडेला पळणाऱ्यांच्या बाजूने. मागे परतून पाहावे तर शेत तुडवलेले. शेजारच्या कुणब्याचेही तसेच. पोराने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग हे पिक्चरमध्ये का नाही दाखवत?"

या अंकाचे सदर त्याच प्रश्नावर लिहायचे ठरवले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. संभाजी महाराजांना १६८९ साली हाल हाल करून मारले गेले, हा इतिहास आहे. त्यावर सिनेमा काढण्याचा कुणालाही हक्क आहे आणि तो पाहून कुणाच्या डोळ्यांत पाणी आले तर त्यात आम्हाला काहीही वावगे वाटत नाही. जुलूम हा जुलूमच, करणाऱ्याचे नाव काहीही असो. सूरह निसामध्ये तर स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी साक्ष खरी द्या, असा हुकूम आहे. औरंगजेब ना आमचा चुलता, ना मामा. त्याची वकिली करायला आम्ही बसलेलो नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. पडद्यावर जे दिसते ते लोक जसेच्या तसे खरे धरतात, आणि पडद्यावर जे दिसतच नाही ते घडलेच नव्हते असे समजतात.

खरे किती धरतात, त्याचा नमुना मार्च महिन्यात सर्वांनी पाहिला. सिनेमात बऱ्हाणपूरच्या खजिन्याचा विषय आहे. तेवढ्यावरून मध्य प्रदेशात अशीरगडच्या पायथ्याच्या शेतांत माणसे रात्री बॅटऱ्या आणि कुदळी घेऊन सोने खणायला गेली. आधी आम्हाला हसू आले. पुढे १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून दंगल पेटली, जीव गेला, तेव्हा हसू मावळले. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेतच सांगितले की, या सिनेमामुळे औरंगजेबाबद्दलच्या भावना भडकल्या आहेत, लोकांनी शांतता राखावी. एका सिनेमाचे नाव दंगलीच्या निवेदनात यावे, ही गोष्ट साधी नव्हे.

आणि अशा वेळी आपण काय करतो? निवेदन देतो. बहिष्काराचा मेसेज पुढे पाठवतो. घरात बसून चडफडतो. 'सगळे आपल्याविरुद्ध आहेत' असे एकमेकांना सांगतो आणि ते ऐकत ऐकत आपली मुले मोठी होतात. निवेदन देण्याला आमचा विरोध नाही, तोही घटनेने दिलेला हक्क आहे. पण निवेदनाने 'हे दाखवू नका' एवढेच सांगता येते. 'मग काय दाखवा' हे सांगायला कॅमेरा हातात घ्यावा लागतो.

तो ज्यांनी घेतला ते आपल्याच जिल्ह्यात आहेत. 'छावा' १४ फेब्रुवारीला, शब-ए-बरातच्या दिवसांत आला. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला. रीमा कागतींचा. मालेगावच्या शेख नासिर आणि त्यांच्या दोस्तांवरचा. दोनच दिवसांनी पहिला रोजा. आपल्यापैकी किती जणांनी तो थिएटरात पाहिला? आम्हीही नाही पाहिला, कबूल करतो. नंतर घरी पाहिला. विशेष म्हणजे 'छावा'मध्ये जो नट कवी कलश झाला आहे, तोच विनीत कुमार सिंह यात मालेगावचा लेखक फरोग झाला आहे. एकाच नटाचे दोन चेहरे पंधरा दिवसांत पडद्यावर आले. एक अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला, दुसऱ्याकडे आपणही फिरकलो नाही.

नासिरभाईंची गोष्ट तरुण वाचकांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. मालेगाव म्हणजे यंत्रमागाचे गाव. आठवडाभर खडखडाट, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. नासिरभाई व्हिडिओ पार्लर चालवायचे. पुढे त्यांनी ठरवले की आपणच सिनेमा काढू. साधा व्हिडिओ कॅमेरा, लग्नाचे शूटिंग करतात तसला. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नाही, तर सायकल. पन्नास हजारांच्या आसपास खर्चात 'मालेगाव के शोले' तयार झाला आणि गावाने तो डोक्यावर घेतला. मग 'सुपरमॅन' काढला. त्यात उडणारा सुपरमॅन कोण, तर शफीक नावाचा काटकुळा यंत्रमाग कामगार. फैझा अहमद खान यांनी त्या शूटिंगवर २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, तो देशोदेशी गेला. शफीकभाई पुढे तोंडाच्या कॅन्सरने गेले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

यात मानवी हक्क कुठे आले, असे कुणी विचारील. आठवा, ही कोणती वर्षे होती. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा शुक्रवार. मालेगावच्या मोठ्या कब्रस्तानाजवळ जुम्याच्या नमाजनंतर स्फोट झाले. मेलेले मुसलमान आणि पकडले गेलेले नऊ तरुणही मुसलमान. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले, तोवर त्यांच्यातला एक जग सोडून गेला होता. २९ सप्टेंबर २००८ला भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला. त्या काळात टीव्हीवर 'मालेगाव' हा शब्द आला की पाठोपाठ एकच चित्र यायचे: टोपी, दाढी, पोलिसांची गाडी. त्या चित्राच्या शेजारी फैझा खान यांनी दुसरे चित्र आणून ठेवले. विजेच्या वेळापत्रकाला वैतागलेली, पैसे उसने घेणारी, एकमेकांची टर उडवणारी, हिरव्या पडद्यासमोर आडवे होऊन उडण्याचा प्रयत्न करणारी माणसे. 'आम्ही दहशतवादी नाही' असे त्यात कुणीही म्हणत नाही. म्हणायची गरजच उरत नाही.

मात्र एक खटकते ते सांगायलाच हवे. मालेगावच्या त्या सिनेमांत मालेगावची बाई नाही. नायिका बाहेरगावाहून आणावी लागते. याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नाही, तारामती झाले अण्णा साळुंके नावाचे पुरुष. त्याला आता शंभरावर वर्षे झाली. आणि हे आपल्या परंपरेत बसत नाही म्हणणाऱ्यांना आम्ही फातिमा बेगम यांची आठवण देऊ. हिंदुस्थानातली पहिली महिला दिग्दर्शक ही मुसलमान बाई होती. १९२६ मध्ये त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला. पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी. आमचे म्हणणे असे नाही की प्रत्येक मुलीने पडद्यावर यावे. पण घराची गोष्ट सांगताना घरातली अर्धी माणसे गप्प असतील तर ती गोष्ट अर्धीच.

चित्राविषयी, फोटोविषयी आपल्या घरांत मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. उलेमांमध्येही आहेत. ज्यांचे मन मानत नाही त्यांच्यावर आमची जबरदस्ती नाही. त्यांच्यासाठी आवाज आहे, लिखाण आहे, श्रुतिका आहे. पण ज्या घरात 'सिनेमा हराम' म्हणतात आणि त्याच घरात रात्री बारापर्यंत रील्स चालतात, त्या घराला विचारावेसे वाटते की बघणे चालते, मग बनवणे का नाही?

वडीलधाऱ्या मराठी वाचकांना 'शेजारी' आठवत असेल. १९४१, पुण्याची प्रभात कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, लेखक विश्राम बेडेकर. हिंदीत 'पडोसी'. पाकिस्तानचा ठराव होऊन वर्षही उलटले नव्हते, देशात वातावरण तापलेले, तेव्हाचा हा सिनेमा. गावात दोन जिवलग शेजारी, एक हिंदू आणि एक मिर्झा. बुद्धिबळाचा डाव मांडून बसणारे म्हातारे. ओंकार नावाचा भांडवलदार धरण बांधायला येतो. जमिनी मिळवायच्या तर गावाची एकी मोडली पाहिजे, म्हणून तो या दोघांत फूट पाडतो. शेवटी फुटलेल्या धरणाच्या पाण्यात दोघे एकमेकांचा हात धरून जातात. मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले. हिंदीत तर त्यांच्यासमोरचा हिंदू शेजारी झाले मझहर खान. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. एकमेकांच्या कपड्यांत शिरून बघा, असे भाषण न देता शांतारामांनी करूनच दाखवले.

आम्हाला त्या सिनेमातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. भांडणाचे कारण त्यांनी धर्मात शोधले नाही, जमिनीत शोधले. कुणाला काय हवे आहे म्हणून हे दोघे भांडताहेत, हा प्रश्न विचारला. आज गावात कबर, मशीद, दुकान यावरून काही उठले की हाच प्रश्न आधी विचारावा. मोबाइलवर क्लिप आली की खातरी केल्याशिवाय पुढे पाठवू नका, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल, ही सूरह हुजुरातची शिकवण तर आपल्याकडे चौदाशे वर्षे आहे. आपण ती खुतब्यात ऐकतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरता उतरता फॉरवर्ड करतो.

आपल्या काळातही काम झाले आहे. हंसल मेहतांचा 'शाहिद' २०१३ मध्ये आला. वकील शाहिद आझमी, निरपराध अडकलेल्यांचे खटले लढणारे, ज्यांना ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात गोळ्या घातल्या. या सिनेमाला दिग्दर्शनाचा आणि राजकुमार रावना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा 'हेमोलिम्फ', २०२२चा, सुदर्शन गमरे या मराठी तरुणाने केलेला. मुंबईतले शिक्षक अब्दुल वाहिद शेख २००६च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे आत होते, २०१५ मध्ये निर्दोष सुटले, त्यांची ही हकीकत. शेखांवर सिनेमा काढणारा गमरे, ही बाब आम्हाला त्या सिनेमाइतकीच महत्त्वाची वाटते.

आणि २०२५चा जुलै महिना पाहा. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने लोकल स्फोटांतल्या उरलेल्या बारा जणांची शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला तेव्हा स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. ३१ तारखेला विशेष न्यायालयाने २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडले. पहिल्या निकालाला आपल्याकडे आनंद झाला, दुसऱ्याला संताप. समोर नेमके उलटे. दोन्हीकडच्या ओरड्यात एक माणूस कुणालाच दिसला नाही. ज्याचा बाप लोकलमध्ये गेला, ज्याचे लेकरू भिक्खू चौकात गेले, त्याला सतरा-एकोणीस वर्षांनी कोर्टाकडून एवढेच कळले की हे यांनी केल्याचे सिद्ध झाले नाही. मग कुणी केले? त्या माणसावर सिनेमा अजून यायचा आहे. तो करणाऱ्याने त्या लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरीही जावे आणि मालेगावच्या गल्लीतही. एकाच घरी जाऊन परतला तर तो प्रचार होईल.

आता वणीचे सांगतो. ईदनंतर आठवड्याभरात सप्तशृंगी गडाचा चैत्रोत्सव सुरू झाला. वणी गडाच्या वाटेवरचे गाव. ऊन मी म्हणत असते आणि रस्त्याने पायी माणसांची रांग. भाच्याच्या दादांचे रस्त्याला पंक्चरचे दुकान आहे. यात्रेत ते दुकानापुढे पाण्याचे रांजण भरून ठेवतात, त्यांचे वडीलही ठेवायचे. पोराला आम्ही एवढेच म्हटले होते की पिक्चरमध्ये नाही तर तू दाखव. त्याने ते मनावर घेतले. बहिणीचा फोन घेतला आणि दादांवर फिल्म काढायला बसला. तो स्वतः कॅमेऱ्यासमोर असताना फोन कुणी धरला? तोच, गाडीत 'तुमचा औरंगजेब' म्हणणारा दोस्त. यावर दोघांत काही बोलणे झाले का, ते आम्ही विचारले नाही.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. एक बाई सावलीला बसून पायाचे फोड बघत होत्या. पोराने मागून शूटिंग केले. त्यांच्या ते लक्षात आले. "मला विचारलंस का रे बाळा?" त्या म्हणाल्या, रागाने नाही, पण ठाम. पोर लाल झाले. त्याने त्यांच्यासमोरच ते पुसून टाकले. मग त्यांनी रांजणातले पाणी घेतले, दादांशी गावाकडच्या पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि निघून गेल्या. फिल्ममध्ये त्या नाहीत. मानवी हक्कांवर आम्ही आजवर बरीच व्याख्याने ऐकली, दिलीही. त्या एका वाक्याइतके नेमके त्यांत काही आठवत नाही.

घरात दादींनी चेहरा दाखवायला नकार दिला. पोर हिरमुसले, पण बहिणीने मार्ग काढला. तिने दादींचे फक्त हात घेतले, रांजणाला ओले फडके गुंडाळताना, आणि वरून दादींचा आवाज. साऱ्या फिल्ममध्ये तो तुकडा सर्वांत चांगला झाला आहे. बाकी सहा मिनिटांत दोष पुष्कळ आहेत. वाऱ्याचा आवाज फार, एका ठिकाणी उगीच रडके संगीत घातले आहे (ते काढ म्हणून आम्ही सांगितले, त्याने काढले नाही), आणि दादा कॅमेऱ्याकडे बघून सरकारी भाषणासारखे बोलतात.

घरच्यांनी ती टीव्हीवर बघितली. शेजारची चार घरे आली. पण नेटवर टाकायची म्हटल्यावर आपा नको म्हणाली. २०२३च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून काय झाले, ते तिला पाठ आहे. "रांजणाची फिल्म आहे गं," आम्ही म्हटले. "फिल्म रांजणाची आहे, पण खाली लिहिणारे काय लिहितील ते सांग," ती म्हणाली. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. ज्या राज्यात नववीतल्या मुलाच्या आईला आजोबांच्या पाण्याच्या रांजणाची भीती वाटते, तिथे भित्री ती आहे असे आम्ही म्हणणार नाही.

फिल्म अजून फोनमध्येच आहे. त्याच्या वर्गशिक्षकांनी शाळेत दाखवू या म्हटले आहे, तेवढ्याला आपा तयार झाली. गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला होता. फिल्मला नाव काय द्यायचे यावर दोघा दोस्तांचे पटत नाही म्हणाला. एकाला दादांचे नाव हवे, दुसऱ्याला दुकानाचे. आम्ही म्हटले, तुम्हीच ठरवा. मागून आपाचा आवाज आला, "नाव-गाव नंतर, आधी दहावीचा अभ्यास."